टाकीत किती उरलंय?

दुपारी गर्दी नसते म्हणून पेट्रोल पंपावर गेले. पुढच्या स्कूटरवाल्याने टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं, गाडी हलवून आतला आवाज ऐकला आणि ‘राहू दे, पुरेल’ म्हणत निघूनही गेला. ही जमात अजून शिल्लक आहे तर! आमचे बाबा त्यातलेच. रिझर्व्हला लागल्याशिवाय पंपाकडे फिरकायचं नाही. रिझर्व्हही संपलं की स्कूटर एका कुशीवर आडवी करायची, सरळ करायची आणि किक. आई तोवर रस्त्याच्या कडेला, आपला या गृहस्थांशी काही संबंध नाही अशा थाटात उभी. आणि स्कूटर सुरू व्हायची हो!

मला अशा वेळी मोटरसायकल शर्यतींतला स्टॅन्ली वूड्स आठवतो. एकेकाचं वेड, दुसरं काय.

वूड्स डब्लिनचा. 1922 साली, अठरा वर्षांचा असताना आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटरसायकल शर्यतीत पहिल्यांदा उतरला. पेट्रोल भरताना गाडीने पेट घेतला. आग विझवून पठ्ठ्या पुन्हा निघाला आणि पाचवा आला. पुढच्या वर्षी जिंकलाच.

पण माझं मन अडकलंय ते 1935 च्या सीनियर टीटीत, म्हणजे टीटीतल्या मोठ्या इंजिनांच्या शर्यतीत. सात फेऱ्या, सव्वाचारशे किलोमीटर. तिथे सगळे एकदम सुटत नाहीत, ठरावीक अंतराने एकेक जण सोडतात. त्यामुळे खरा प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नसतोच, लढाई घड्याळाशी. स्कॉटलंडचा जिमी गथ्री ब्रिटिश नॉर्टनवर सर्वांत आधी सुटला. वूड्स इटलीच्या मोटो गुझीवर, त्याच्यामागून पाव तासाच्या आसपास. शेवटच्या फेरीआधी गथ्री पुढे होता आणि वूड्स पेट्रोलला थांबणार हे सगळे धरून चालले होते. गुझीच्या माणसांनी तशी तयारीही मांडली, अगदी साग्रसंगीत. वूड्स आला आणि न थांबता सुसाट निघून गेला.

नॉर्टनवाल्यांना आता गथ्रीला कळवायचं कसं? तो केव्हाच पुढे गेलेला. हा डाव वूड्सला सुचला यात मला नवल वाटत नाही. 1932 आणि 1933 ची सीनियर टीटी त्याने नॉर्टनवरच मारली होती; तिथली माणसं कसा हिशेब करतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

गथ्री आधी पोचला. अभिनंदनं झाली, फोटो निघाले. मग वूड्स आला, शेवटच्या फेरीत वेगाचा विक्रम करून. चार सेकंदांनी जिंकला. इतक्या लांबच्या शर्यतीत चार सेकंद! हरणं एक वेळ ठीक, पण फोटो निघाल्यावर?

गथ्रीने 1936 ला परतफेड केली. सीनियरमध्ये तो पहिला, वूड्स दुसरा; फरक अठरा सेकंदांचा. म्हटलं तर हिशेब पुरा झाला.

8 ऑगस्ट 1937 ला जर्मनीतल्या झाक्सनरिंग या शर्यतीच्या मार्गावर, जर्मन ग्रां प्रीच्या शेवटच्या फेरीत गथ्री आघाडीवर होता. तिथे तो पडला. त्याच्याबरोबर इस्पितळात गेला तो वूड्स. गथ्री वाचला नाही. वय चाळीस.