ताईचा बोन मॅरो

लेक बसायला लागला आणि आंघोळ घालताना त्याच्या कमरेच्या वर माझ्या हाताला उंचवटा लागला. सर्दी तर हटतच नव्हती, हर्नियाचं ऑपरेशनही झालेलं. "बाळ गुटगुटीत आहे, पाठ होईल सरळ," असं एका डॉक्टरांनी सांगितलं. त्यात पाच महिने गेले. ते मला अजून सलतात.

निदान झालं तेव्हा तो १४ महिन्यांचा होता. हर्लर सिंड्रोम, एमपीएस-१ या जनुकीय आजाराचा तीव्र प्रकार. एक एन्झाइम शरीरात बनतच नाही, म्हणून जे मोडायला हवं ते पेशींत साठत जातं: हाडांत, लिव्हरमध्ये, हृदयाच्या झडपांत, मेंदूत. आठवड्याला सलाइनमधून एन्झाइम देता येतं, पण ते मेंदूत पोचत नाही. दात्याच्या पेशी मात्र मेंदूत जाऊन राहतात आणि तिथंच एन्झाइम तयार करतात. म्हणून बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दात्याच्या हाडातला रक्त बनवणारा मगज बाळाला देणं, तेही शक्यतो दोन वर्षांच्या आत.

सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळायची शक्यता चारात एक. आमच्या सहा वर्षांच्या लेकीचं पूर्ण जुळलं. तिचं एन्झाइमही तपासलं, कारण आम्ही दोघं वाहक, म्हणजे स्वतःला आजार नाही पण सदोष जनुक आहे, तीही तशी असू शकली असती. ती वाहक नव्हती. रिपोर्ट हातात घेऊन मी जिन्यातच बसले.

पैशांचं सांगते, कारण उशीर तिथंच होतो. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात दोन वर्षांच्या आतल्या अशा मुलांचं ट्रान्सप्लांट पहिल्या गटात आहे, आता ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. निदान होताच मुंबईच्या केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रात नाव नोंदवा.

नव्या मॅरोला जागा करायला आधी केमो दिली. त्यानंतर लेकाच्या तोंडभर फोड आले. थुंकीही गिळवेना, लाळ मी कापसानं टिपत राहायचे. ट्रान्सप्लांट म्हणजे मोठं ऑपरेशन असेल असं सासूबाईंना वाटत होतं. प्रत्यक्षात रक्ताची असते तशी पिशवी लावली आणि काही तासांत ती संपली. मग रोज सकाळी एकच प्रश्न, पांढऱ्या पेशींचा काउंट किती? सतराव्या दिवशी तो ५०० च्या वर गेला, म्हणजे ताईच्या पेशी रुजल्या. शंभराव्या दिवशी एन्झाइम नॉर्मल आलं.

हाडांवर याचा इलाज पुरा पडत नाही, हे आधीच सांगितलं होतं. पाठीला पट्टा आहे, बोटं आखडतात, पुढच्या महिन्यात मनगटाचं ऑपरेशन आहे. पण तो बोलतो, भांडतो, गाणी पाठ म्हणतो. बालवाडीच्या फॉर्मवर रक्तगट लिहायला घेतला, तर लेकीनं हात धरला. "आई, बी नाही. आता ओ लिही. माझा."