टी६१८ च्या हँडहेल्डवर गेम अडखळतो तेव्हा आधी काय तपासायचं

ॲनबर्निकचा आरजी४०५एम आणि रेट्रॉइड पॉकेट ३ प्लस या जुने गेम खेळायच्या दोन्ही हँडहेल्डमध्ये युनिसॉकची टी६१८ चिप आहे आणि रॅम ४ जीबी. तरीही एकाची सेटिंग दुसऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही, कारण पहिल्याचा स्क्रीन ६४०×४८० आहे आणि दुसऱ्याचा १३३४×७५०. चिपमध्ये ८ कोअर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) असले तरी ताकदीचे दोनच, कॉर्टेक्स-ए७५. उरलेले ६ ए५५ हलक्या कामाचे. हे सगळे कोअर मिळून सीपीयू. ग्राफिक्स माली-जी५२ या जीपीयूकडे, म्हणजे चित्र काढणाऱ्या भागाकडे. खाली जे काही लिहिलंय त्याचं मूळ या दोन ताकदीच्या कोअरमध्येच आहे.

सेटिंगला हात लावण्याआधी इम्युलेटरमध्ये (जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणाऱ्या ॲपमध्ये) वेगाची टक्केवारी दाखवणारा पर्याय चालू करा. नुसता एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात त्याचा, आकडा फसवतो. मुळातच ३० फ्रेमचा असलेला गेम ३० एफपीएस आणि १०० टक्के वेग दाखवत असेल तर त्याला काहीही झालेलं नाही. वेग ८५ टक्क्यांवर आला की गेम सावकाश चालतो आणि आवाज तुटायला लागतो, कारण आवाजाचा बफर (तात्पुरता साठा) भरायच्या आधीच रिकामा होतो. म्हणजे आवाज तुटतोय म्हणून आवाजाच्या सेटिंग उलटसुलट करण्यात अर्थ नाही, दुखणं वेगाचं असतं.

आता मुख्य चाचणी. गेममधली सगळ्यात जड जागा गाठा, गर्दीची लढाई किंवा शहरातला चौक, आणि तिथेच सेव्ह स्टेट करा, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद इम्युलेटरमध्ये करा. रिझोल्यूशन १एक्सवर (कन्सोलच्या मूळ आकारावर) आणा, तेच स्टेट लोड करा आणि टक्केवारी बघा. वेग चढला तर अडत होता जीपीयू. तसूभरही फरक पडला नाही तर अडतोय सीपीयू, आणि मग रिझोल्यूशन कमी ठेवून चित्र उगाच खराब करून घेऊ नका. एका वेळी एकच सेटिंग बदला. चार बदलून सुधारणा झाली तर कशामुळे झाली ते कधीच कळत नाही.

पीएस२ (प्लेस्टेशन २) च्या गेममध्ये बहुतेक वेळा सीपीयूच अडतो. एथरएसएक्स२ या पीएस२ च्या इम्युलेटरचं काम जानेवारी २०२३ मध्ये थांबलं. आता त्याचाच पॅच केलेला अवतार, नेदरएसएक्स२, वापरला जातो. त्यात मल्टी-थ्रेडेड व्हीयू१ नावाचा पर्याय आहे. व्हीयू१ हा पीएस२ मधला ३डी हिशेबाचा भाग. त्याचं काम हा पर्याय तिसऱ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) टाकतो. रेट्रॉइड पॉकेट ५ च्या स्नॅपड्रॅगन ८६५ मध्ये चार ताकदीचे कोअर आहेत, तिथे याचा चांगला फायदा होतो. टी६१८ वर मात्र तिसरा थ्रेड ए५५ च्या पदरात पडतो आणि बाकीचे दोन त्याची वाट बघत बसतात. म्हणून या मशीनवर हा पर्याय बंद करूनही मोजून बघा.

दुसरा पर्याय ईई सायकल रेट; ईई म्हणजे पीएस२ चा मुख्य प्रोसेसर. उणे १ म्हणजे ७५ टक्के, उणे २ म्हणजे ६० टक्के. इथे गेमला मूळ पीएस२ चा प्रोसेसरच मंद असल्याचं भासवलं जातं. ज्या गेमला फ्रेम गाळून वेळ सांभाळता येते तो थोडा झटके देत, पण योग्य वेगाने चालतो. ज्याची हालचाल फ्रेमलाच बांधलेली आहे तो मीटरवर १०० टक्के दाखवूनही पात्रं पाण्यातून चालल्यासारखी हलवतो. त्यामुळे हा बदल केल्यावर मीटरवर विसंबू नका; गेममधलं घड्याळ दिसत असेल तर ते मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडून बघा. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’सारखे गेम या चिपवर सुखाने खेळता येत नाहीत, त्यांच्यामागे संध्याकाळ घालवू नका.

सोनीच्या पीएसपी या हातातल्या कन्सोलचं तसं नाही. पीपीएसएसपीपी हा त्याचा इम्युलेटर इथे मस्त चालतो, फक्त रिझोल्यूशन हिशेबाने निवडा. पीएसपीचं मूळ चित्र ४८०×२७२. आरजी४०५एमवर ते जेमतेम ६४०×३६३ एवढी जागा घेतं, म्हणजे २एक्स पुरून उरतं. त्यावर ३एक्स लावणं म्हणजे बॅटरी जाळणं. पॉकेट ३ प्लसवर ३एक्स शोभून दिसतं, जड गेमला २एक्स. ‘गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिंपस’ पीएसपीचा प्रोसेसर २२२ ऐवजी ३३३ मेगाहर्ट्झवर चालवतो, म्हणून तो इतरांपेक्षा जड जातो. अशा वेळी ‘स्किप बफर इफेक्ट्स’ लावायचा मोह होतो. वेग मिळतो खरा, पण कित्येक गेममध्ये सावल्या आणि धूर गायब होतात, कधी अख्खा स्क्रीन काळा. त्याआधी व्हल्कन आणि ओपनजीएल दोन्ही बॅकएंड (चित्र काढायच्या पद्धती) तपासा आणि फ्रेमस्किप (फ्रेम गाळणं) १ लावून बघा.

निंटेंडो गेमक्यूबचे हलके गेम सोडले तर त्याच्या डॉल्फिन इम्युलेटरकडून फार आशा नको. वेग एरवी ठीक आहे, पण नवीन जागी पाऊल टाकलं की क्षणभर अडकतो, असं असेल तर ते शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) त्याच क्षणी तयार होण्यामुळे. त्याच जागी दुसऱ्यांदा गेल्यावर अडकत नाही, ही त्याची खूण. यूट्यूबवर ज्या टर्निप ड्रायव्हरचं (जीपीयू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) कौतुक चालतं तो फक्त स्नॅपड्रॅगनमधल्या ॲड्रिनो जीपीयूसाठी आहे, मालीवर त्याचा काही उपयोग नाही.

भारतात विकल्या गेलेल्या पीएस२ च्या डिस्क पाल (५० हर्ट्झच्या टीव्हीच्या) विभागातल्या. त्यातले बरेच गेम सेकंदाला ५० फ्रेम मागतात, त्यामुळे अशक्त चिपवर थोडे सोपे पडतात. पण ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर कॅमेरा फिरवताना बारीक झटका जाणवतो. स्वतःच्या डिस्कची आयएसओ (पूर्ण डिस्कची प्रत) काढली की सीएचडीमॅन या प्रोग्रॅमने ती दाबून सीएचडी फाइल करून ठेवा, मायक्रोएसडी कार्डवर जागा वाचते. कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. नव्या कार्डावर आधी एच२टेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासणारा प्रोग्रॅम चालवा. बनावट कार्ड २५६ जीबी दाखवतं आणि खरी जागा संपली की फायली मुकाट्याने खराब करतं. मग गेम मध्येच बंद पडतो आणि बोल इम्युलेटरला लागतो.

मोजमाप किमान २० मिनिटं खेळून झाल्यावर पुन्हा करा. मशीन तापलं की चिप आपोआप वेग उतरवते, आणि चार्जिंगला लावून खेळताना ते जास्तच तापतं. सेव्ह स्टेट फक्त चाचणीपुरते ठेवा: इम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुने स्टेट उघडतीलच असं नाही. खरी प्रगती गेमच्या आतल्या मेमरी कार्डवरच सेव्ह करा आणि त्या फोल्डरची एक प्रत कॉम्प्युटरवर काढून ठेवा.