पद्मिनी, नोंद ४: भिंतीला उभा राहणारा ट्रेलर

पद्मिनी गावाहून ओढून आणायला ट्रेलर मिळाला. पाच महिने लागले, आणि त्यातले पहिले तीन वाया गेले, कारण मी ट्रेलरची किंमत आणि क्षमता बघत बसलो होतो. टेप घेऊन आधी स्वतःचा गाळा मोजायला हवा होता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: आजोबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी मलकापूरजवळ मामांच्या गोठ्यात होती. माझा गाळा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, बोळाच्या तोंडाशी. आतून लांबी ५.२० मीटर, रुंदी २.६०. पद्मिनी ३.९३ लांब आणि १.४६ रुंद. गाडी आत घेतली की बाजूला १.१४ मीटर उरतात, ते मला दार उघडायला आणि काम करायला हवेत. मागे उरतात १.२७ मीटर. ट्रेलरला एवढ्यातच बसायचं होतं, आणि शिवाय मला अंग चोरून का होईना मागे जाता यायला हवं होतं.

रिकव्हरी व्हॅन का नाही केली, हे बऱ्याच जणांनी विचारलं. एकदाच आणायची असती तर तीच केली असती. पण पत्र्याचं काम, मग रंग, मग सीटकाम अशा तीन-चार फेऱ्या ठरलेल्या आहेत, आणि आमच्या बोळात व्हॅन वळत नाही.

पहिला विचार होता डॉलीचा. पुढची दोन चाकं डॉलीवर, मागची दोन रस्त्यावर. जागा अगदी कमी लागते. पण पद्मिनी मागच्या चाकांवर चालणारी गाडी. मागची चाकं फिरली की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंतचा लांब दांडा) फिरतो, त्याबरोबर गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरतो. इंजिन बंद असल्याने खालचा, तेलात बुडालेला ले-शाफ्ट मात्र जागेवरच, म्हणजे तेल उडवणारं कुणी नाही. काही मैलांत आतले बुश कोरडे पडतात. प्रोपेलर शाफ्ट काढून हे टळतं. पण चाळीस वर्षांपूर्वीचे मागचे बेअरिंग आणि ड्रम घाटरस्त्यावर फिरवायची माझी तयारी नव्हती. डॉली बाद.

मग उद्यमनगर. तिथे उसाच्या ट्रॉल्या आणि अंगद गाड्या (छोट्या ट्रॅक्टरमागच्या उसाच्या गाड्या) करणाऱ्यांचे हात असे बसलेत की कागदावर रेघ ओढायच्या आत चॅनल कापून मोकळे होतात. एका चाचांनी मधोमध बिजागरी असलेला घडीचा साटा (ट्रेलरचा सपाट तळ) सुचवला, किंमतही वाजवी सांगितली. अडलं ते कागदांवर. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि त्यासाठी बनवणाऱ्याकडे त्या मॉडेलची मंजुरी हवी. चाचांनी स्वतःच सांगितलं, "करून देतो, पण आरटीओत तुम्हाला उभं करणार नाहीत." त्यांनी खरं सांगितलं म्हणून माझे पैसे वाचले. घडीचा साटा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मंजूर मॉडेलमध्ये कुणी पाहिला असेल तर जरूर कळवा.

तेव्हापासून फक्त एमएच ०९चा (कोल्हापूरची नोंदणी), कागदपत्रं असलेला जुना ट्रेलर शोधायचा असं ठरवलं. कोल्हापुरात रेसिंगचं वेड जुनं आहे, तिथेच दार उघडलं. रेसची गाडी न्यायला वापरलेला एकआसी ट्रेलर एका गृहस्थांच्या शेडमध्ये पडून होता. पूर्ण साटा नाही, चाकांखाली येतील अशा दोन पट्ट्या. पुढची दांडी दोन पिना काढल्या की सुटते. हे मूळ रचनेतच आहे, म्हणून त्यात बदल करायचा प्रश्न नाही. दांडी काढून लांबी ३.६० मीटर, रुंदी १.९०, उभा केला की जाडी ७५ सेंटीमीटर. १.२७मधून ०.७५ गेले, ५२ सेंटीमीटर उरले. फॉर्म २९ आणि ३० भरून दिले, नाव बदलून आल्यावरच रस्त्यावर काढला.

आरसीवर रिकामं वजन ३१०, एकूण १२०० किलो. म्हणजे गाडीसाठी ८९० आणि पद्मिनी भरते ८९५. पाच किलोंचा प्रश्न दिसतो, पण सुटे भाग आणि जॅक धरले तर तो वाढतो. तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स, सीटा, बॅटरी मामांकडेच उतरवली आणि ते सामान ट्रेलर ओढणाऱ्या बोलेरोत घातलं.

दुसरी अडचण रुंदीची. पट्ट्यांमधलं अंतर १.०४ मीटर, आणि पद्मिनीच्या मागच्या टायरांच्या आतल्या कडांमधलं १.०८. दोन्हीकडे दोन-दोन सेंटीमीटर. एवढ्यावर विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) गाडी चढवणं म्हणजे छातीत धडधड. पट्ट्यांच्या आतून बाभळीच्या फळ्या क्लॅम्पने बसवल्या तेव्हा जीव भांड्यात पडला.

चढवताना मोठा धडा मिळाला. दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, कमी पडला तर ट्रेलर मागून शेपूट हलवायला लागतो. मामांच्या गुऱ्हाळावरचा काटा दांडीखाली ठेवला. गाडी सरळ चढवली तर भार जेमतेम ६० किलो, कारण इंजिन निघाल्यावर पुढचा भाग हलका झालेला आणि जड बाजू मागे लोंबत होती. उतरवली, उलटी चढवली, मागची बाजू बोलेरोकडे. काटा ११५वर आला. बांधताना पट्टे टायरांवरून घेतले. बॉडीला कुठेच हूक लावला नाही, कारण खालचा पत्रा गंजाने कुठवर खाल्लाय ते अजून उघडून बघितलेलं नाही.

पाच किलोमीटरवर पहिला थांबा. ट्रेलरच्या चाकाच्या हबला (मधल्या भागाला) हात लावून पाहिला, कोमट. पट्टे बोटभर सैल झाले होते, ताणले. बांबवड्याच्या पुढे वजनकाट्यावर एकूण १०१० किलो भरलं. चाळिसाच्या वर वेगाचा काटा नेला नाही. आंबेवाडी, शिवाजी पूल, आणि पावसाच्या आत गाडी पेठेत. दरवर्षी पंचगंगा त्या रस्त्यावर कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे जून महिना माझ्या डोक्यावर बसला होता. मामा पुलापर्यंत मोटारसायकलवर मागे होते. आजोबांची गाडी एकटी जाऊ नये म्हणाले.

गाळ्यात आधी ट्रेलर. गर्डरला एक टनाची चेन पुली, शेपटाकडचं टोक मागच्या भिंतीपाशी लाकडी ठोकळ्याला टेकवलेलं, पुढचं टोक वर. गर्डर ४.१० मीटरवर आहे, पुली आणि पट्टा धरून वर वीतभरच शिल्लक राहिली. उभा झाल्यावर चाकं बाहेरच्या बाजूला येतात, त्यामुळे त्याचा कल पुढे पडण्याकडे असतो. वरून दोन्हीकडे अँकर बोल्ट आणि साखळी घातल्याशिवाय पुली सोडू नका. पत्र्याच्या छपराच्या कैचीला तर हे कधीच टांगू नका, माझा गर्डर भिंतीत बसवलेला लोखंडी आहे.

मग चौघांनी मिळून पद्मिनी ढकलली. मागच्या ५२ सेंटीमीटरमधून मी दोनदा आडवा जाऊन आलो. उद्यापासून मागचे ड्रम उघडतोय. डावा जाम आहे.