तुम्ही विचारलंत म्हणून: शोमरोन्याचा दुसरा दिवस

रविवारची उपासना संपून माणसे दाराशी रेंगाळू लागली की महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी कोणीतरी मला बाजूला घेते आणि खालच्या आवाजात तोच प्रश्न विचारते: घरातला मुलगा गोळ्यांच्या आहारी गेला आहे, त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची की त्याला दवाखान्यात न्यायचे, आणि यात चर्चने नेमके काय करायचे? मी पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, आहे म्हणून मला विचारतात असे नाही. रास्ता पेठेत एकतीस वर्षे औषधांचे दुकान चालवल्यामुळे डॉक्टरची कोणती चिठ्ठी खरी आणि कोणती तिसऱ्यांदा झेरॉक्स केलेली, हे मला कळते अशी लोकांची समजूत आहे, आणि ती बरीचशी बरोबर आहे.

पुण्याला हे दुखणे नवे नाही. ऐंशीच्या दशकात गर्दने, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या ब्राउन शुगरने, येथली तरुण मुले गिळायला सुरुवात केली, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. माझ्या काउंटरवर मात्र गर्द कधी आले नाही. आले ते खोकल्याचे कोडीनयुक्त औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, ज्या अफूच्याच कुळातल्या असून मेंदूत त्याच जागी जाऊन बसतात. ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले ते २०१८ साली. त्याआधी ते किती सहज मिळत असे, हे सांगताना माझ्यासारख्या दुकानदारांनी मान खाली घालणेच योग्य.

आमच्या मंडळीतल्या एका तरुणाला मोटारसायकलच्या अपघातानंतर या गोळ्या सुरू झाल्या आणि पाय बरा झाला तरी त्या सुटल्या नाहीत. घरच्यांनी त्याला उपास-प्रार्थनेला आणून बसवले. गोळ्या एकदम थांबल्यामुळे त्याला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, अंग ठणकू लागले, झोप उडाली. जमलेल्यांना ते सैतान बाहेर पडत असल्याचे लक्षण वाटले. आठवड्याभरात तो सावरला, पुढच्या रविवारी उभा राहून त्याने देवाने आपल्याला सोडवल्याची साक्ष दिली आणि आम्ही सगळे मोठ्याने आमेन म्हणालो. मीही म्हणालो. वस्तुतः मला ठाऊक होते की इतके दिवस औषध बंद राहिले की शरीराची सवय मोडते, आणि अशा माणसाने जुन्याच मात्रेने पुन्हा गोळ्या घेतल्या तर त्याचा श्वास थांबू शकतो. पण त्या आनंदात हे बोलणे मला अविश्वासाचे वाटले. दोन महिन्यांनी तेच घडले. ओठ निळे पडलेल्या अवस्थेत तो बहिणीला सापडला, वेळेत रुग्णालयात पोहोचला, अशा गोळ्यांचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलोक्सोनचे इंजेक्शन मिळाले आणि वाचला. त्यानंतर वर्षभर तो चर्चकडे फिरकला नाही, कारण त्याच्या मते त्याची साक्ष खोटी ठरली होती. ती त्याच्याकडून इतक्या लवकर घेणारे आम्ही होतो, हे त्याला कोणी सांगितले नाही.

तेव्हापासून मी लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला, लुटारूंनी वाटेत घायाळ करून टाकलेल्या माणसाला मदत करणारा येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी वेगळ्या नजरेने वाचतो. बाजूने निघून गेलेला याजक आणि लेवी यांच्यावर आपण भरपूर उपदेश ऐकले आहेत. पण शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, म्हणजे त्या काळी जे औषध हाताशी होते ते वापरले, याकडे आपले लक्ष जात नाही. जखमीला तो आपल्या घरी नेत नाही, उतारशाळेत नेतो, आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन नाणी देऊन, अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असे सांगतो. चर्चचे काम मला याच दुसऱ्या दिवसात दिसते. उपचार डॉक्टरांनी करावेत; तेथपर्यंत नेणे, खर्चाला हातभार लावणे आणि परत जाणे हे मंडळीने करावे. मी प्रार्थनाही करतो, परंतु औषधाच्या जागी नव्हे.

औषधाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सर्वांत जास्त गैरसमज तेथेच आहे. ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टर देतात, तेव्हा आपली वडीलधारी माणसे म्हणतात, ‘एक नशा सोडून दुसरी धरली.’ ही गोळी मेंदूतल्या त्याच जागेवर बसते, पण अर्धवटच काम करते. त्यामुळे तलफ आणि सोडतानाचा त्रास आवरतो, माणूस कामावर जाऊ शकतो आणि अतिसेवनाने मरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. कित्येकांना ती अनेक महिने, काहींना अनेक वर्षे लागते. ती घेणाऱ्याला अल्पविश्वासी म्हणणारा उपदेश एखाद्याचे औषध बंद पाडू शकतो, आणि त्याचा परिणाम काय होतो ते वर आलेच आहे.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. नार्कॉटिक्स ॲनॉनिमस ही व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांची स्वमदत चळवळ १९५३ पासून चालू आहे आणि तिच्या सभांना मुख्यतः एक खोली लागते. आठवड्यातले सहा दिवस आपले सभागृह कुलूपबंद असते. पहिले वर्षभर कोणाकडूनही साक्ष मागू नये. प्रभुभोजनाला मद्यार्क नसलेला द्राक्षरस वापरावा. आणि एक गोष्ट खास महिला मंडळासाठी: कर्करोगाने कोणी गेले की घरात मॉर्फिनच्या गोळ्या उरतात, दफनविधीनंतर मदतीला जाणाऱ्या बायकांनी घरच्यांना त्यांची आठवण करून द्यावी आणि त्या रुग्णालयात परत देण्याची व्यवस्था लावावी.

तो तरुण आता उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसतो, आणि त्याची गोळी चालू आहे की नाही हे आम्ही कोणी विचारत नाही. तुमच्या मुलासाठी १४४४६ हा सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या, तो विनाशुल्क आहे. मात्र त्याच्या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटू. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर सोमवारी सकाळी मला फोन करा. आपण तिघेही रिक्षाने जाऊ, आणि पुढच्या सोमवारीही मी येईन.