नेवाळची नोंद ८: एका टिंबाने घातलेला घोळ

नेवाळ म्हणजे मी कल्पनेने रचत असलेला देश, स्वतःची भाषा, लिपी आणि इतिहास असलेला. मागच्या नोंदीत छाती फुगवून लिहिलं होतं की नेवाळची लिपी झाली, आता फक्त फॉन्ट करायचा. ते शब्द मागे घेतो. दोन महिन्यांत फॉन्ट अर्धाच झालाय, एका लिपीच्या तीन झाल्यात आणि नेवाळच्या राजघराण्याचा मूळपुरुष आता मासा आहे.

निमित्त झालं शेजारच्या गडग्याचं, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचं. आमच्याकडे देवगडात गडगा म्हणजे जांभ्याचाच. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, त्यावर टाकी चालते; ऊन-वारा खाल्ला की कडक होत जातो. नेवाळचे शिलालेख जांभ्यावर आहेत असं मी तीन वर्षं लिहितोय, पण स्वतः एक अक्षर कोरून बघितलं नव्हतं. गवंडीकाकांकडून एक ताजा चिरा मागून घेतला आणि खळ्यात बसून नेवाळचा सगळ्यात जुना लेख कोरायला घेतला: ‘रातू इले सवरा’. म्हणजे ‘राजा समुद्रातून आला’. (हो, ‘इले’ मालवणीतून उचललंय. कोणी पकडायच्या आत कबूल करतो.)

आलेखाच्या कागदावर काढलेली माझी नाजूक वळणं पहिल्या दहा मिनिटांत संपली. ‘स’ला एक छान गाठ होती, तिचा टवकाच उडाला. दोन तासांनी चिऱ्यावर उरल्या त्या फक्त उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा. त्या मात्र दिसायला झकास. तेवढ्यात गवंडीकाका डोकावले, ‘रा’च्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाले, “ह्या भोक तू पाडलंस, काय दगडाचाच आसा रे?”

दगडाचंच होतं. जांभा म्हणजे भोकांचाच दगड. आणि माझ्या लिपीत अनुस्वार म्हणजे टिंब! अशोकाच्या ब्राह्मीतही अनुस्वार टिंबच आहे, अक्षराच्या बाजूला दिलेलं, म्हणून मी डोळे मिटून तेच घेतलं होतं. पण जांभ्यावर टिंब कोणाचं, पाथरवटाचं की दगडाचं, हे सांगणार कोण? घरात जाऊन शब्दकोशाची वही काढली. ‘रातू’ राजा. ‘रांतू’ आहे का बघितलं, तर दोन वर्षांपूर्वी माझ्याच अक्षरात लिहिलेलं: मुशी, म्हणजे शार्क मासा.

त्या रात्री झोप लागली नाही.

आता इतिहास असा झालाय. मूळ लेखात राजाच आहे, कुठल्या तरी पडावातून उतरलेला साधा माणूस. लेख उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. पुढे तीनशे वर्षांनी देवळाचे लेखक जुने लेख ताडपत्रावर उतरवून घेतात. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरायचं आणि वर काजळी चोळायची. तिथे शिरांच्या दिशेने सरळ आडवी रेघ ओढली की पान चिरतं. आपल्या दक्षिणेकडच्या लिप्या आणि ओडिया इतक्या गोलसर का, याचं कारण बहुतेकदा हेच देतात. म्हणून नेवाळच्या दुसऱ्या लिपीत आडव्या रेघा वाकल्या आणि टिंबाचा आकडा (हुकासारखी वळलेली रेघ) झाला, कारण टिंब दिलं तर पानाला भोक पडायची भीती. लेखकाने चिऱ्यावरचं नैसर्गिक भोक इमानदारीने वाचलं आणि त्याचा ठसठशीत आकडा काढला. दगडावरचा संशय पानावर कायमचा ठरून गेला: मुशी समुद्रातून आली. तेव्हापासून राजाच्या गोतात मुशी खात नाहीत. आमच्या घरी हे सांगितल्यावर आईने एवढंच विचारलं, “मग तुला आजपासून कालवण नको का?”

दंतकथा लिहायला मी आधी पोथीचा थाट घेतला होता, तो फार जड झाला. आता ती गाऱ्हाण्याच्या, म्हणजे कोकणात देवाला घालतात त्या साकड्याच्या चालीवर आहे. होड्या लोटायच्या दिवशी मानकरी म्हणतो:

“बा सवरातल्या रांतू म्हाराजा, आज ह्या लेकरांनी होडी लोटलेली आसा. जाळ्यात काय येयत ता येव दे, पण तुझ्या गोतातलो एक पण जीव त्यात गावूक नको रे म्हाराजा!”

आणि सगळे: “व्हय म्हाराजा!” मोठ्याने वाचून बघा, अंगावर काटा येतो. नेवाळी भाषेतला मजकूर अजून व्हायचाय, पण ठेका हाच ठेवणार.

एक खुलासा. कातळशिल्पांचा उपयोग लिपीसाठी का करत नाही, असं दोघांनी विचारलं. कशेळीच्या सड्यावरचा अजस्र हत्ती, त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी, हे बघून हात शिवशिवतात हे खरंय. कोकणातली ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेली. पण ती चित्रं आहेत, अक्षरं नाहीत, आणि त्यांना ओढूनताणून वर्णमाला बनवणं मला पटत नाही. नेवाळात सड्यावर जुनी चित्रं आहेत, लोक त्यांना घाबरतात, बस.

नेवाळच्या आकाशातला दुसरा चंद्र काढून टाकला. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दोन चंद्रांवर हा हिशेब बसवताना तीन वह्या वाया गेल्या. ज्या जगातल्या खलाशाला आज उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) हे बोटांवर मोजता येत नाही, ते जग मला नको.

फॉन्टकडे वळतो. युनिकोडच्या (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) मूळ पातळीवर खासगी वापरासाठी ६,४०० जागा आहेत, त्यातल्या मी शंभरही भरणार नाही. अडचण वेगळीच आहे. देवनागरीत ‘कि’ची वेलांटी टाइप होते नंतर आणि दिसते आधी, ही हलवाहलव खासगी जागेतल्या अक्षरांसाठी आपोआप होत नाही. म्हणून नेवाळची ‘इ’ उजवीकडे आणली. आळशीपणा म्हणा हवं तर.

तिसरी लिपी बोरूची, कारकुनांची. ती सरळसरळ मोडीच्या वळणावर आहे: आधी पानभर रेघ ओढायची, मग अक्षरं लटकवत सुटायचं. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, तिच्या तक्त्यासमोर बसून बरंच शिकलो. मोडी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही, तशी माझी कारकुनी लिपी अनुस्वारच पाळत नाही. आकडा वरच्या रेघेत गडप होतो. म्हणजे ‘रातू’ आणि ‘रांतू’ पुन्हा एकच! बंदरावरच्या कारकुनाने ‘जाळी फाडणारी मुशी धरून आणावी’ असा हुकूम काढला, तर किल्लेदार तो कसा वाचेल? पुढच्या नोंदीतलं बंड इथूनच सुरू होतंय. हुकुमाचा मसुदा तयार आहे, फक्त ‘धरून’साठीच्या नेवाळी शब्दातलं जोडाक्षर रेघेला धडकतंय.

चिरा सध्या पागोळ्यांखाली ठेवलाय. पाऊस संपेपर्यंत त्यावर आणखी कुठे टिंबं उमटतात ते बघायचंय.