रुळावरून अधांतरी: सरकत्या फाटकांमधली आमची वाटचाल

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आज बनणारी बहुतेक फाटकं सरकती असतात. सुरुवात झाली ती बिजागरीवरच्या दोन पल्ल्यांच्या फाटकांनी. फाउंड्र्या, गोदामं, मग साखर कारखाने अशी गिऱ्हाइकं वाढली, तशी बिजागरीची मर्यादा दिसू लागली. सहा मीटरच्या तोंडाला तीन-तीन मीटरचे दोन पल्ले, आणि उघडताना प्रत्येक पल्ला आतली तीन मीटर जागा मोकळी मागतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर तिथेच उभा असेल तर ती जागा आणायची कुठून? त्यात पल्ल्याचं सगळं वजन खांबावर लोंबतं. खांब थोडा कलला की मधली कडी जुळत नाही आणि वॉचमन पहारीने पल्ला उचलून बंद करू लागतो.

सरकतं फाटक भिंतीला लगटून जातं. या कामात आमचं एक मत पक्कं होत गेलं: फाटकाचं डिझाइन जमिनीपासून वर यायला हवं. गिऱ्हाईक पहिल्यांदा मोटार आणि रिमोट विचारतं. आम्ही पहिल्यांदा पावसाचं पाणी कुठून येतं ते विचारतो.

रुळावरच्या फाटकाचं गणित तसं सोपं आहे. तोंड ६ मीटर, तर पल्ला साडेसहा मीटरचा. बंद असतानाही मागचा निदान अर्धा मीटर भाग, पल्ल्याला वरून उभा धरणाऱ्या गाइड रोलरच्या पकडीत राहायला हवा. उंची २ मीटर धरली तर १३ चौरस मीटरला १.६ मिमी पत्रा साधारण १६३ किलो भरतो. वरची पट्टी आणि सात उभे मिळून ८० बाय ४० बाय ३ मिमीचा पाइप साडेवीस मीटर, म्हणजे ११० किलोच्या आसपास. खाली १०० मिमीचा चॅनेल, ६२ किलो. चाकं, रॅक (मोटार जिला ढकलते ती दातेरी पट्टी), किरकोळ पट्ट्या धरून ३५० किलो. हे वजन दोनच चाकांवर ठेवायचं. ‘चार चाकं लावा, मजबूत होईल’ असा आग्रह नेहमी होतो, पण पल्ला ताठ असल्यामुळे रुळात थोडा चढउतार असला की चारांतली दोन चाकं हवेत राहतात आणि भार कुठल्या चाकावर जाईल याचा भरवसा उरत नाही.

चाक १०० मिमीपेक्षा मोठं बरं. लहान चाक खडीच्या एका दाण्यावर अडतं, १५० मिमीचं चढून जातं. कोल्हापुरात ओतकाम दारातच असल्यामुळे एसजी आयर्नची (चिवट ओतीव लोखंडाची) चाकं हव्या त्या खाचेची करून मिळतात. आत दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली ६२०५ मापाची बेअरिंग. रूळ म्हणून उलटा अँगल ठेवला तर चाकाला ९० अंशांची व्ही खाच लागते. गोल सळी ठेवली तर यू खाच. सळीवर माती कमी थांबते, पण सळी झिजली की बदलणं जिकिरीचं. जिथे गाड्यांची वर्दळ जास्त तिथे आम्ही ५० बाय ५० बाय ६ चा अँगल पसंत करतो.

खरी परीक्षा रुळाखालच्या काँक्रीटची. २०१८ च्या वाढीव मर्यादेप्रमाणे ट्रकच्या चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर साडेअकरा टन चालतात. म्हणजे पावणेसहा टन एका बाजूच्या टायरजोडीखाली रुळावरून जातात, तेही दिवसभर. पाच-सहा इंच पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) टाकून त्यात अँगल रोवला तर पहिल्याच पावसाळ्यात काँक्रीट अँगलच्या दोन्ही कडांनी फुटतं, रूळ दबतो, आणि दोष चाकावर येतो. आम्ही ट्रकच्या वाटेवर एम२५ प्रतीच्या काँक्रीटची ३०० मिमी रुंद, ४५० मिमी खोल तुळई घालतो, आत सळई आणि रिंगा. अँगलला दर अर्ध्या मीटरवर फाटे पाडलेले लग (पकडीचे लोखंडी तुकडे) वेल्ड करून ते सळईला बांधून घेतो. काळ्या मातीत आधी ९०० मिमीपर्यंत खणून मुरूम ठोकून भरावा लागतो. माती फुगली की तुळई उचलली जाते. पातळी पाण्याच्या लेव्हल पाइपने तपासतो, दहा मीटरात ५ मिमीच्या आत. उतार अजिबात नको. शंभराला एकचा उतारही ३५० किलोच्या फाटकाला साडेतीन किलोची ओढ देतो. एवढी ओढ जाणवत नाही, पण वीज गेल्यावर मोटारीचा गिअर किल्लीने सोडला आणि बेअरिंग नवी असली तर फाटक आपोआप चालू लागतं.

रुळाच्या कडेने पाणी वाहून नेणारा चर आणि त्याला १०० मिमी पाइपचा निकास नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. रस्ता कंपाउंडपेक्षा उंच झालेला असतो (डांबराचे थर चढतच असतात), त्यामुळे सगळं पाणी गाळासकट दाराशी येतं.

साखर कारखान्यांनी आम्हाला रुळाच्या पलीकडे ढकललं. गळीत हंगामात दारात पाचट पडतं, उसाच्या कांड्या पडतात, त्यावरून टायर गेले की त्यांचा चोथा खाचेत बसतो आणि रसामुळे चिकटून घट्ट होतो. चाक त्यावर चढतं आणि रूळ सोडतं. झाडायला माणूस ठेवला तरी रात्रपाळीला तो नसतो. इथे उपाय म्हणजे अधांतरी फाटक, ज्याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. वाटेत रूळ नाही; पल्ल्याच्या खाली सी आकाराचा पोकळ प्रोफाइल असतो आणि तो भिंतीमागे रोवलेल्या दोन रोलर-संचांवरून सरकतो.

याची किंमत लांबीत मोजायची. तोंड ६ मीटर असेल तर मागे निदान तीन मीटर शेपूट लागतं, म्हणजे एकूण नऊ मीटर पल्ला, आणि उघडल्यावर तो सगळा मावेल एवढी भिंत. शेपूट कमी करा असं सगळेच सांगतात. आकडे मांडून दाखवले की ऐकतात. पल्ला ४५० किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य मागच्या टोकापासून साडेचार मीटरवर. दोन रोलर-संचांत अंतर २.४ मीटर, पुढचा संच मागच्या टोकापासून २.८ मीटरवर. फाटक बंद असताना गुरुत्वमध्य पुढच्या संचाच्याही १.७ मीटर पुढे जातो. मागचा संच मग वर उचलला जातो: ४५० गुणिले १.७ भागिले २.४, म्हणजे सुमारे ३२० किलो. पुढच्या संचावर ४५० अधिक ३२०, म्हणजे ७७० किलो. शेपूट अर्ध्या मीटरने कापलं आणि संच तेवढे जवळ आणले की पल्ला थोडा हलका होऊनही हेच आकडे ४३५ आणि ८६० च्या घरात जातात. रोलरच्या पिना त्यानेच वाकतात.

म्हणून दोन्ही संचांचा पाया एकच सलग करतो, साधारण ३ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, ८०० मिमी खोल. त्याचं वजन पावणेतीन टनांच्या वर जातं आणि ३२० किलोची उचल सहज जिरते. अँकर बोल्टांना प्लेटखाली एक नट लेव्हलसाठी, वर दोन. पातळी जुळल्यावर मगच प्लेटखाली ग्राउट (पातळ सिमेंट मसाला). पल्ला टेबलावर जोडताना पुढचं टोक थोडं वर राहील असा बाक देतो, कारण लटकल्यावर ते खाली येतंच. समोरच्या खांबाशी शेवटचं चाक उतरत्या पाटावर चढून बसतं, त्यामुळे बंद असताना नाकाला टेकू मिळतो. वेल्डिंग सलग एका बाजूने ओढलं तर नऊ मीटरचा प्रोफाइल धनुष्यासारखा वाकतो; टाके आलटूनपालटून घ्यावे लागतात.

वारा हा विषय गिऱ्हाइकाच्या गावीही नसतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्याला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईला ४४ मीटर दिला आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब मिळतो: पुण्याला चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन, मुंबईला ११६०. जागेचे आणि आकाराचे गुणक लावल्यावर हे आकडे कमीजास्त होतात, पण १३ चौरस मीटरच्या भरीव पत्र्यावर बाराशे किलोच्या आसपास जोर येऊ शकतो हे ध्यानात घेऊनच वरचे गाइड आणि समोरची पकड ठरवावी लागते. आडपडदा लागत नसेल तर आम्ही पत्र्याऐवजी जाळी सुचवतो. कोकणातल्या कामांना पाइप हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवून) करून घेतो, आणि प्रत्येक बंद पाइपला भोकं पाडून पाठवतो; आत हवा-पाणी कोंडलं तर ४५० अंशांच्या जस्तात पाइप फुटतो.

मोटारीचा निर्णय एवढं झाल्यावर. चांगल्या रुळावर फाटक ढकलायला वजनाच्या तीन ते पाच टक्के जोर पुरतो, आम्ही गाळ आणि वारा धरून दहा टक्के घेतो. ४५० किलोला ४५ किलो, म्हणजे ४४० न्यूटन. रॅक ढकलणारं मोटारीचं दातेरी चाक म्हणजे पिनियन; चार मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप), १६ दातांच्या पिनियनची त्रिज्या ३२ मिमी, म्हणून पिळाचा जोर १४ न्यूटन-मीटर लागतो. १४०० फेऱ्यांची मोटार आणि ३० ला १ गिअर असेल तर वेग मिनिटाला ९.४ मीटर, ६ मीटर उघडायला ३८ सेकंद. ग्रामीण भागात संध्याकाळी २३० चे १८० व्होल्ट होतात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो, म्हणजे ६१ टक्केच उरतो. तक्रार येते, ‘मोटार नुसती गुणगुणते.’ अशा वेळी आधी व्होल्टेज, मग कपॅसिटर, मग रूळ तपासायचा. मोटार बदलायची वेळ क्वचितच येते.

रॅक आणि पिनियन यांत दीड ते दोन मिमी फट हवीच. फाटकाचं वजन पिनियनवर टेकलं की गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. रॅकच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर तिसरा तुकडा उलटा दातात दात बसवून धरायचा आणि मगच बोल्ट आवळायचे, नाहीतर दर मीटरला ‘टक्’ असा आवाज कायमचा. कंट्रोल बॉक्समध्ये येणाऱ्या पाइपांची तोंडं फोमने बुजवावी. सर्किटवर मेलेली पाल हे बिघाडाचं कारण आम्हाला वाऱ्या-पावसापेक्षा जास्त भेटतं.

गाडी ओळखण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. फोटोसेल (वाटेत आडवा किरण टाकून अडथळा ओळखणारा सेन्सर) एकच रेघ पाहतो. ट्रेलरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या पोकळीतून किरण आरपार गेला तर फाटकाला वाट मोकळी वाटते. जमिनीतला लूप (वरच्या गाडीचं लोखंड ओळखणारा, खाचेत पुरलेला तारेचा वेढा) त्याहून बरा, पण तो लूपच्या आखूड बाजूच्या साधारण अर्ध्या ते दोन-तृतीयांश उंचीपर्यंतच लोखंड ओळखतो. आखूड बाजू एक मीटर, तर पोहोच ५०० ते ६५० मिमी. ट्रेलरची चासी त्याहून वर असते. म्हणून ट्रेलरच्या वाटेवर आखूड बाजू दोन मीटरपर्यंत नेतो. घेर ६ ते १० मीटर असेल तर तारेचे तीन वेढे, खाचेचे कोपरे तिरके कापलेले, आणि लूपपासून बॉक्सपर्यंतची तार मीटरला वीस पिळांची. सरकत्या पल्ल्यापासून लूप निदान मीटरभर लांब, नाहीतर फाटक स्वतःलाच गाडी समजतं. बैलगाडीत लोखंड फार कमी, ती लूपला दिसेलच असं नाही. कारखान्याच्या दारात म्हणून लूप आणि दोन उंचींवरचे फोटोसेल असं दोन्ही लावतो.

तिथे दिवसभर सरकतं फाटक गाडीगणिक हलवणंच चूक आहे. दिवसा ते उघडं ठेवून आत बूम (वर उठणारी आडवी दांडी) लावायचा, रात्री फाटक. बूम काही सेकंदांत उठतो, आणि ट्रॅक्टरने धडक दिली तर फक्त दांडी बदलावी लागते.

सुरक्षेच्या बाबतीत आम्ही घासाघीस करत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२४ साली सरकतं फाटक अंगावर पडून एका लहान मुलीचा जीव गेला. फाटक पडतं ते बहुधा दोनच कारणांनी: शेवटचा स्टॉपर नसतो, किंवा वरचा गाइड एकच असतो आणि तोच निखळतो. स्टॉपर दोन्ही टोकांना, पल्ल्याच्या फ्रेमला अडणारा, बोल्टने बसवलेला. गाइडच्या दोन जोड्या, एकमेकींपासून लांब, म्हणजे एक तुटली तरी पल्ला उभा राहतो. युरोपच्या ईएन १२४५३ मानकात ५०० मिमीपर्यंतच्या फटीत आघाताचा जोर ४०० न्यूटनच्या आत ठेवायला सांगितलं आहे. पुढच्या कडेला दाबपट्टी (काही अडलं की फाटक थांबवणारी रबरी पट्टी) लावल्याशिवाय जड फाटकाला ते साधत नाही. भिंतीलगत सरकणाऱ्या गजांमध्ये हात सापडू नये म्हणून त्या भागाला बारीक जाळी.

कुणी ‘ट्रक घुसला तरी अडेल असं करा’ म्हणतं तेव्हा आम्ही स्पष्ट सांगतो की हे फाटक तसं नाही. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या एम३० चाचणीत ६८०० किलोचा ट्रक ताशी ४८ किलोमीटरने आदळवतात. ती ऊर्जा सहा लाख ज्यूलच्या वर जाते. आमच्या फाटकाचे खांब आणि पाया त्यासाठी मोजलेले नसतात. ते वेगळं, चाचणी झालेलं उत्पादन आहे आणि ते प्रमाणपत्रासकटच घ्यावं.

नव्या कामाला दर देण्याआधी आम्ही काय मागतो ते इथेच सांगून ठेवतो. तोंडाची रुंदी, आणि ती अग्निशमन गाडीसाठी ६ मीटरपेक्षा कमी नसावी. रस्त्याच्या कडेपासून फाटकापर्यंतचं अंतर: चाळीस फुटी कंटेनरची गाडी १५ ते १६ मीटर लांब असते, ती रस्ता अडवून थांबता कामा नये. मागच्या भिंतीची मोकळी लांबी, मीटरपेटी, झाड, केबिन यांच्यासकट. दिवसाला किती गाड्या, त्यांतली सगळ्यात लांब कोणती. आणि जमल्यास पावसाळ्यातला, पाणी साचलेल्या दाराचा एक फोटो.