तुम्ही विचारलंत म्हणून : बुटक्या छताखाली चेन होइस्ट कोणता घ्यावा?

कारखान्यांतील जड वस्तू उचलण्याच्या व्यवस्था आखणे हे माझे काम असल्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो : "आमच्या शेडचे छत बुटके आहे, तर सर्वांत कमी जागा खाणारा चेन होइस्ट कोणता?" (चेन होइस्ट म्हणजे साखळीच्या टोकाला हुक लावून भार वर-खाली नेणारे यंत्र.) विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एखादे माहितीपत्रक असते आणि त्यात 'लो हेडरूम' या शब्दांखाली रेघ मारलेली असते. माझे उत्तर त्यांना फारसे आवडत नाही, कारण मी होइस्टकडे वळण्याआधी स्लिंगची, म्हणजे वस्तू हुकला अडकवणाऱ्या दोर, पट्टा किंवा साखळीची, चौकशी करतो.

हेडरूम म्हणजे गर्डरच्या (होइस्ट ज्या आडव्या तुळईला टांगतात तिच्या) खालच्या बाजूपासून, हुक पूर्ण वर गेलेला असताना, हुकच्या पोटापर्यंतचे, म्हणजे भार जिथे टेकतो त्या आतल्या वळणापर्यंतचे, अंतर. छताची उंची या हिशेबात थेट येतच नाही. काही उत्पादक हे अंतर ट्रॉलीची (होइस्टला गर्डरवरून सरकवणाऱ्या गाड्याची) चाके ज्या पृष्ठभागावर फिरतात तिथपासून मोजतात, म्हणून दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी आकृतीतील बाणांची टोके कुठे टेकली आहेत हे पाहून घ्यावे.

आता एक हिशेब मांडू. गर्डरची खालची बाजू जमिनीपासून 3400 मिमी उंचीवर आहे आणि हुकने टांगलेल्या साध्या होइस्टचे हेडरूम ट्रॉलीसह 600 मिमी आहे, असे धरा. म्हणजे हुक 2800 मिमीपर्यंत जातो. उचलायची वस्तू 1200 मिमी उंच आहे, तिचे उचलण्याचे दोन बिंदू माथ्यावर 2 मीटर अंतरावर आहेत आणि स्लिंगचे दोन पाय आडव्या रेषेशी 45 अंश कोन करतात, म्हणजे स्लिंगलाच 1000 मिमी उंची लागते. वस्तूचा तळ जमिनीपासून जेमतेम 600 मिमीवर राहतो आणि ती 750 मिमी उंचीच्या टेबलावर चढवता येत नाही. या टप्प्यावर बहुतेक जण लो हेडरूम होइस्ट मागवतात. त्याचे हेडरूम 300 मिमी मिळाले तर तळ 900 मिमीपर्यंत जातो आणि काम भागते, हे खरे आहे. पण त्याच जुन्या होइस्टखाली स्लिंगऐवजी 300 मिमी उंची घेणारा लिफ्टिंग बीम (हुकला टांगून वस्तू दोन ठिकाणी सरळ खाली धरणारा आडवा दांडा) लावला, तर तळ 1300 मिमीपर्यंत जातो. बीमचे वजन होइस्टच्या क्षमतेतून वजा करावे लागते, एवढे मात्र विसरू नये.

स्लिंग आखूड करून उंची वाचवण्याचा तिसरा मार्ग कामगार स्वतःच शोधून काढतात आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. वरच्याच उदाहरणात कोन 30 अंशांवर आणला तर सुमारे 420 मिमी वाचतात, परंतु 60 अंशांना प्रत्येक पायावर येणारा ताण भाराच्या सुमारे 58 टक्के असतो, 45 अंशांना 71 टक्के होतो आणि 30 अंशांना प्रत्येक पाय जवळजवळ एकट्यानेच सगळे वजन पेलत असल्यासारखा ताणला जातो. शिवाय तो ताण वस्तूला दोन्ही बाजूंनी आत दाबतो आणि आयबोल्टला (वस्तूत बसवलेल्या कडीच्या बोल्टला) आडवा ओढतो. हुकवरचा भार यात बदलत नाही, त्यामुळे होइस्टच्या ओव्हरलोड यंत्रणेला यातले काहीही कळत नाही.

हे सगळे तपासूनही उंची कमीच पडत असेल, तर मग यंत्र निवडावे. पहिली पायरी म्हणजे वरचा हुक काढून टाकून होइस्ट ट्रॉलीलाच पक्का जोडणे. एवढ्यानेही उपयोगी पडेल इतकी उंची सुटते आणि रचना साधीच राहते. एकपदरी आणि दुपदरी साखळीचे (हुक साखळीच्या एका किंवा दोन पदरांवर टांगलेला) हेडरूमही तुलनेसाठी पाहावे, कारण दुपदरी रचनेत खालचा हुक-ब्लॉक मोठा असतो आणि त्याच होइस्टवर हुकचा वेग निम्मा होतो. खऱ्या लो हेडरूम होइस्टमध्ये यंत्राचा मुख्य भाग गर्डरच्या बाजूला सरकवलेला असतो आणि साखळी जादा चाकांवरून आडवी वळवून हुक यंत्राशेजारून वर, गर्डरच्या जवळ नेला जातो. साखळीला जितकी वळणे जास्त, तितकी तिची झीज जास्त आणि वंगणाची निगाही जास्त. ही निगा राखायला कोणी नसेल तर मी असा होइस्ट सुचवत नाही.

इमारतीच्या बाजूनेही थोडी उंची मिळू शकते. गर्डर छताच्या तुळयांखाली टांगण्याऐवजी दोन तुळयांच्या मधल्या जागेत वर घेता येतो का, हे स्थापत्य अभियंत्याला विचारावे, कारण तुळयांवर भार टाकण्याचा निर्णय होइस्ट विकणाऱ्याने घेण्यासारखा नाही. पत्र्याच्या छताला लागून असलेली हवा फार तापते आणि अनेक विद्युत होइस्ट 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठीच बनवलेले असतात, तेव्हा जितके वर जाल तितका हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. हिशेब मिलिमीटरपर्यंत काटेकोर बसला तरी वर 100 ते 150 मिमी मोकळे सोडावेत. तसे न केल्यास चालक रोज हुक वरच्या लिमिट स्विचला (हुक टोकाला पोहोचताच होइस्ट बंद करणाऱ्या स्विचला) टेकवून थांबवू लागतो, आणि तो स्विच रोजच्या थांब्यासाठी नसून चूक झाली तर सावरण्यासाठी आहे.

माझी स्वतःची चूक मात्र उंचीत झाली नव्हती. एका शेडसाठी मी लो हेडरूम होइस्ट सुचवला, उभे माप दोनदा तपासले आणि हुक हवा तिथपर्यंत वर गेलाही. पण होइस्ट ट्रॉलीच्या आडव्या लांबीत पसरलेला असल्यामुळे गर्डरच्या टोकाशी हुक भिंतीपासून बराच अलीकडे थांबू लागला आणि भिंतीलगत बसवलेल्या कारखान्याच्या शेवटच्या यंत्राच्या मध्यावर तो येईना. भार तिरका ओढण्याची मुभा देणे शक्य नव्हते आणि गर्डर पुढे वाढवायला जागा नव्हती. अखेर ते यंत्र त्याच्या पायावरून उचलून 400 मिमी आत घ्यावे लागले, आणि तेही भाड्याने आणलेल्या दुसऱ्या साधनाने.